घडीचा स्वस्त चाकू: निर्मात्याने हात कुठे आखडला आहे, हे कसे ओळखावे?

खिशात रोज बाळगण्यासाठी घडीचा चाकू घ्यायला निघालेल्या माणसासमोर साधारण एकाच किमतीचे दहा-बारा चाकू मांडून ठेवले, तर तो बहुधा तीन गोष्टींवरून निवड करतो: पात्यावर कोरलेले पोलादाचे नाव, पाते उघडतानाचा झोक आणि एकंदर दिसण्यातला दणकटपणा. चाकू रोजच्या कामात कसा कापेल, त्याची धार किती दिवस टिकेल आणि तो कापता कापता बोटांवर मिटणार तर नाही ना, या खऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र या तीन गोष्टींतून जेमतेमच मिळतात. महागड्या चाकूत निर्मात्याला पोलाद, घडण, लॉक आणि मूठ अशा सगळ्याच ठिकाणी सढळ हाताने खर्च करता येतो; स्वस्त चाकूत त्याला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठे आखडला आहे हे ओळखता आले, की तुलना पुष्कळच सोपी होते, कारण मग ‘सर्वांत चांगला कोणता’ असे न विचारता ‘यातली कोणती उणीव माझ्या कामाला बाधणार नाही’ असे विचारता येते.

आधी काम पाहावे. खिशातला चाकू दिवसभरात काय कापतो? पार्सलवरची चिकटपट्टी, सुतळी, प्लॅस्टिकची वेष्टने, पुठ्ठा, एखादे फळ, कधी वायरीवरचे आवरण, कधी पेन्सिल. यातल्या एकाही कामाला सात-आठ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही, आणि चिकटपट्टी व वेष्टने यांच्यासाठी तर चार सेंटिमीटरचे पातेही पुरते. चाकू मोडतो तो सहसा कापताना मोडत नाही. डब्याचे झाकण उचकटताना, स्क्रू फिरवताना किंवा लाकडात रुतलेले टोक आडवे ओढताना मोडतो. अशी कामे वारंवार पडत असतील, तर जाड पात्याचा चाकू घेण्यापेक्षा पेचकस आणि झाकण उघडायचे हत्यार सोबत असलेला बहुउपयोगी चाकू घ्यावा.

आता पात्याची घडण. माझ्या मते स्वस्त चाकूंची तुलना इथूनच सुरू व्हायला हवी, आणि नेमके इथेच बहुतेकांचे लक्ष नसते. पाते म्हणजे एक पाचर आहे. धारेची कड वस्तूत शिरण्याची वाट करून देते आणि तिच्यामागचे सगळे पाते त्या वाटेतून जाते. ते जितके जाड, तितका वस्तूचा विरोध जास्त. सफरचंद कापून पाहिले तर हा फरक लगेच कळतो: पातळ पाते चकती काढते, तर जाड पाते निम्म्यापर्यंत गेल्यावर सफरचंद कापण्याऐवजी फोडते, मग त्याची धार कितीही तीक्ष्ण असो. जाड पुठ्ठ्यातही हेच होते. म्हणून धारेच्या लगेच वर, जिथे धारेचा उतार सुरू होतो तिथे, पात्याची जाडी किती आहे हा आकडा पाठीच्या जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे. तिथे ती तीन-चार दशांश मिलिमीटर असेल तर चाकू सहज सरकतो. आठ दशांशाच्या पुढे गेली की प्रत्येक काप जोर मागतो. निर्माते हा आकडा क्वचितच देतात, पण पाते उजेडासमोर धरून टोकाकडून टाचेकडे, म्हणजे मुठीत बसलेल्या टोकाकडे, पाहिले, तर अंदाज घेता येतो. पाठीपासून धारेपर्यंत सलग सपाट उतरत आलेले पाते साधारणपणे चांगले कापते. अर्ध्या रुंदीपर्यंत पूर्ण जाडी ठेवून मग एकदम उतरवलेले पाते रुबाबदार दिसते, घासायला कमी वेळ लागत असल्याने तयार करायला स्वस्त पडते, आणि कापताना मात्र अडखळते.

धारेचा कोनही याच हिशेबातला आहे. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पंधरा ते वीस अंश हा खिशातल्या चाकूसाठी सोयीचा कोन समजला जातो. पंचवीस अंशांची बोथटसर धार घेऊन आलेला चाकू घरी दगडावर घासून सुधारता येतो, पण मुळातच जाड राहिलेले पाते घरच्या घरी पातळ करणे जिकिरीचे असते. खरेदीच्या वेळी कागद किती सफाईने कापला जातो हे पाहून चाकू पारखणे म्हणूनच फसवे आहे, कारण ती धार काही दिवसांची सोबतीण असते आणि पात्याची जाडी कायमची.

पोलादाच्या नावांविषयी बरीच भीती आणि बरीच भक्ती आढळते. नावे वाचायला शिकले की दोन्ही कमी होतात. पोलादाला कडकपणा देतो तो कार्बन, आणि गंजापासून राखते ते क्रोमियम. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद तयार केले, आणि आजच्या बहुतेक स्वस्त पात्यांतही क्रोमियमचे प्रमाण त्याच्याच आसपास आहे. ‘८सीआर१३एमओव्ही’ हे लांबलचक नाव सरळ आहे: सुमारे ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम आणि थोडे व्हॅनेडियम. ‘४२०एचसी’ मध्ये कार्बन साधारण त्याच्या निम्मा असतो. त्याची धार लवकर उतरते, पण तितकीच लवकर लागते आणि ते सहसा गंजत नाही. ‘१४सी२८एन’ या स्वीडिश पोलादात सुमारे ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि किंचित नायट्रोजन असतो. बारीक कणांचे, चिवट, धार सहज घेणारे आणि गंज न पकडणारे हे पोलाद स्वस्त किमतीत मिळत असेल तर मी दुसरीकडे पाहणार नाही.

‘डी२’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे मुळात साचे आणि ठसे बनवण्याचे हत्यारी पोलाद. यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, त्यामुळे कागदावर ते न गंजणाऱ्या पोलादांच्या पंक्तीत बसायला हवे. पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी जखडून कठीण कण, म्हणजे कार्बाइड, बनवण्यात खर्च होते आणि गंज रोखायला मोकळे क्रोमियम कमी उरते. ते कठीण कण धार टिकवतात, म्हणून पुठ्ठा कापणाऱ्याला डी२ आवडते. घामाने ओल्या खिशात किंवा आंबट फळाचा रस लागल्यावर तसेच मिटून ठेवले, तर मात्र त्यावर डाग पडतात. शिवाय साध्या दगडावर त्याला धार लावायला वेळ लागतो. ज्याला घासण्याचा कंटाळा आहे आणि पुसण्याची सवय आहे, त्याच्यासाठी हे पोलाद. उलट स्वभावाच्या माणसाने त्यापासून दूर राहावे.

तरीही, एकाच नावाचे पोलाद दोन कारखान्यांत अगदी वेगळे वागू शकते, याचे कारण पोलादाला पाणी देण्याच्या प्रक्रियेत आहे. पाते ठरावीक तापमानाला तापवून झपाट्याने थंड केले की ते कडक, पण काचेसारखे ठिसूळ होते. मग पुन्हा कमी तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. या दोन्ही पायऱ्यांत घाई केली, तर चांगले पोलादही मऊ तरी राहते किंवा कडेला कपचे तरी उडवते. कडकपणा मोजतात तो रॉकवेल सी या मापनावर: हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या दाबाने धातूत रुतवायचा आणि तो किती खोल गेला त्यावरून आकडा काढायचा. खिशातल्या चाकूंची पाती साधारण ५४ ते ६१ या टप्प्यात असतात. आकडा मोठा असला की धार जास्त टिकते, पण घासायला आणि धक्का सोसायला अवघड होते. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस कंपनी आपल्या पात्यांचा कडकपणा ५६ च्या आसपास ठेवते आणि त्यामुळेच ती पाती पटकन धार घेतात. बक या अमेरिकी कंपनीने तर अगदी साधे ४२०एचसी पोलाद पॉल बॉस यांच्या पाणी देण्याच्या पद्धतीने इतके नीट वापरले, की लोक त्या पोलादापेक्षा त्या पद्धतीचे नाव आधी घेतात. मला हे उदाहरण फार बोलके वाटते. स्वस्तात चाकू घेताना, पोलाद साधे पण ते वर्षानुवर्षे हाताळणारा निर्माता, ही जोडी मी मोठ्या नावाच्या पोलादापेक्षा वर ठेवतो. कडकपणाचा आकडा जाहीर न करणाऱ्या अनोळखी निर्मात्याने पात्यावर काय कोरले आहे, याला फारसे वजन देऊ नये.

आता लॉक, म्हणजे उघडलेले पाते उघडेच धरून ठेवणारी कळ. सर्वांत जुना आणि साधा प्रकार कळ नसलेला: मुठीच्या पाठीतली लवचिक पट्टी पात्याच्या टाचेवर दाब देते, आणि पुरेसा जोर दिला की पाते मिटते. स्विस चाकूंची छोटी पाती अशीच असतात. याला उणीव म्हणावे का? कापताना जोर धारेच्या दिशेने असतो आणि तो पाते उघडेच ठेवतो. टोक खुपसताना किंवा पाते अडकून उलटे खेचताना मात्र धोका असतो. ज्याचा हात ही मर्यादा जाणतो, त्याला कळ नसलेला चाकू आयुष्यभर पुरतो. अशा चाकूमुळे हाताला काळजीपूर्वक कापण्याचे वळण लागते, असेही मला वाटते.

फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा जो चाकू घडवला, त्याला १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी फिरणारे कडे बसवले. कडे फिरवले की पात्याला मिटायला वाटच उरत नाही. स्वस्तात इतके साधे आणि इतके खात्रीचे लॉक दुसरे नाही. फक्त ते दरवेळी हाताने फिरवावे लागते, आणि घाईत तेच राहून जाते. बक कंपनीच्या ११० या चाकूने १९६४ पासून पाठीवरची कळ लोकप्रिय केली: पाठीतल्या दांडीचे टोक पात्याच्या खाचेत बसते आणि दांडी मागून दाबली की सुटते. हे लॉक मजबूत असते, मिटताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवावी लागत नाहीत, मात्र खाचेत कचरा साचला तर दांडी पूर्ण बसत नाही.

आजच्या बहुतेक स्वस्त चाकूंत असते ते लायनर लॉक. त्याचे आधुनिक रूप मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस दिले. मुठीच्या आतल्या पातळ धातूच्या पत्र्याला चीर देऊन तो किंचित वाकवलेला असतो, आणि पाते उघडताच तो आडवा सरकून पात्याच्या टाचेखाली टेकतो. कल्पना सुरेख आहे, पण सगळे काही त्या टेकण्याच्या अचूकपणावर अवलंबून आहे, आणि स्वस्त उत्पादनात अचूकपणाच आधी गळतो. माझ्याकडच्या अशा एका चाकूचा पत्रा टाचेच्या अगदी कडेवर जेमतेम टेकत होता. जाड दोर कापताना मनगट थोडे वळले आणि पाते मिटू लागले. पाते निम्मे मिटलेले असताना मी हात काढला, म्हणून बोट वाचले. त्यानंतर मी प्रत्येक लायनर लॉक उजेडात उघडून पाहतो. पत्रा टाचेच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या भागावर टेकलेला असावा. अगदी कडेवर असेल तर तो निसटू शकतो, आणि नव्या चाकूतच पलीकडच्या टोकापर्यंत गेला असेल तर झिजेसाठी जागाच उरलेली नाही.

मुठीची एक बाजूच कळ म्हणून वापरणारे फ्रेम लॉक हे याच तत्त्वाचे जाड रूप आहे. स्प्रिंगांच्या दाबाने पात्याच्या टाचेवर टेकणाऱ्या आडव्या दांडीचे लॉक बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणले आणि त्याच्या पेटंटची मुदत संपल्यापासून ते स्वस्त चाकूंतही दिसू लागले. ते डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखे सोयीचे आहे आणि मिटताना बोट वाटेत येत नाही; त्याच्या आतल्या तारेच्या बारीक स्प्रिंगा मात्र तुटू शकतात.

हे सगळे एकत्र ठेवून तीन प्रत्यक्ष चाकू शेजारी पाहू. ओपिनेलच्या आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब, जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी आणि सगळ्या चाकूचे वजन पन्नास ग्रॅमच्या आत-बाहेर. कापण्यात तो आपल्या किमतीच्या कितीतरी वरच्या चाकूंना मागे टाकतो. निर्मात्याने हात आखडला आहे तो मुठीत आणि खिळीत, म्हणजे पाते जिच्याभोवती फिरते त्या जागी: बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते, पाते घट्ट होते आणि उघडता उघडत नाही. साव्वातले लोक अशा वेळी मुठीचे मागचे टोक कठीण जागी हलकेच आपटतात, की पाते नखाने धरण्याइतके बाहेर येते. त्याचे कार्बन पोलादाचे पाते धार सुंदर घेते, पण ओले राहिले तर गंजते. न गंजणाऱ्या पोलादाचे पातेही मिळते, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याने तेच घ्यावे.

व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट हा अॅल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा, मिटल्यावर ८४ मिलिमीटरचा चपटा चाकू आहे. पातळ पाते, नखांची कानस, डबा उघडायचे हत्यार, बाटली उघडायचे हत्यार आणि चपटे पेचकस इतके सगळे पन्नास ग्रॅमच्या आत. पोलाद मऊसर आहे, पाते कळीशिवाय आहे आणि ते उघडायला दोन हात लागतात. पण पात्यांच्या मधली फट, पट्टीचा दाब, उघडताना-मिटताना येणारा आवाज यांत मला आजवर खोट दिसलेली नाही. एकच चाकू सुचवा म्हटले, तर मी हाच सुचवतो.

तिसरा आधुनिक वळणाचा, उदाहरणार्थ सिव्हिव्ही कंपनीचा एलिमेंटम: सुमारे साडेसात सेंटिमीटरचे पाते, लायनर लॉक, कातीव काचतंतूंची मूठ, एका बोटाने झटक्यात उघडणारी यंत्रणा. यातला बराच खर्च एका हाताने उघडण्याच्या सोयीवर झालेला आहे, आणि शिडीवर उभ्या माणसाला किंवा एका हातात खोके धरलेल्या माणसाला ती सोय खरोखर मोलाची असते. पाते मात्र तीन मिलिमीटरच्या आसपास जाड आणि वजन पहिल्या दोघांच्या पाऊणदोन पट. जो चाकू दिवसातून दोनदा, दोन्ही हात मोकळे असताना वापरणार, त्याने या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खिळीच्या आत बेअरिंग आहे की चकत्या, यावर फार वाद होतात. बेअरिंगमुळे पाते मऊ फिरते, चकत्या धुळीला कमी दाद देतात, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. खिशाला अडकवायची क्लिप आणि अंगठ्याने पाते उघडण्यासाठीचे पात्यातले गोल भोक या दोन्ही गोष्टी स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये एकाच चाकूत आणल्या. क्लिप फार ताठ आणि मूठ फार खरखरीत असेल, तर खिशाची कड काही महिन्यांत विरते.

चाकू हातात घेऊन पारखायला दोन मिनिटे लागतात. मिटलेले पाते मुठीच्या मधोमध आहे का, की एका बाजूला घासते, हे आधी पाहावे. मग उघडून पाते आडवे हलवून पाहावे. थोडी हालचाल असेल तर खिळीचा स्क्रू आवळून ती बहुधा जाते. पाते उभे, म्हणजे धार-पाठ या दिशेने हलत असेल, तर दोष लॉकमध्ये आहे आणि तो चाकू परत ठेवावा. मिटलेला चाकू खाली तोंड करून हलकेच झटकावा. पाते आपोआप बाहेर डोकावले, तर ते खिशातही डोकावेल. लॉक तपासताना पाते लाकडावर जोरात आपटणारे लोक दिसतात. त्यातून चांगले लॉकही बिघडते. हाताने पाठीवर दाब देऊन पाहणे पुरेसे आहे, आणि त्या वेळी बोटे पात्याच्या वाटेबाहेर असावीत.

जिथे चाकू बाळगायचा आहे तिथला कायदा घेण्याआधी वाचणे हा तुलनेचाच भाग आहे, कारण कायदे लॉक आणि लांबी पाहूनच फरक करतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार धारेची लांबी ३ इंचांपर्यंत असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू विशेष कारणाशिवाय बाळगता येतो. लॉक असलेल्याला सबळ कारण दाखवावे लागते. जर्मनीत एका हाताने उघडून अडकणारे चाकू बाळगण्यावर बंधने आहेत. म्हणजे जी सोय एका ठिकाणी गुण ठरते, तीच दुसऱ्या ठिकाणी अडचण. विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानात ठेवावा. केबिनच्या पिशवीत विसरला तर तपासणीत तो गमावण्याची शक्यता मोठी.

उरला प्रश्न धार लावण्याचा. कारखान्यात वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर धार लावताना पात्याची पातळ कड कधी कधी जास्त तापते आणि मऊ पडते, म्हणून नवा चाकू पहिल्या आठवड्यात निराशा करतो आणि दोन-तीनदा दगडावर घासल्यावर सुधारतो. त्याआधी पोलादाला दोष देऊ नये. मध्यम आणि बारीक अशा दोन बाजूंचा एक दगड पुरतो. दोन्ही बाजूंना तोच कोन राखायचा, एका बाजूला घासताना दुसऱ्या बाजूला जी बारीक खरखर उभी राहते ती बोट आडवे फिरवून चाचपायची, आणि ती निघेपर्यंत हात हलका करत जायचे. दगड नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत, झिलई नसलेली कड उतरलेली धार परत आणते. कार्बन पोलाद आणि ५६ च्या आसपासचे मऊ पोलाद यांना तर ती विशेष मानवते. त्यानंतर पाते पुसून, खिळीत तेलाचा एकच थेंब सोडून, पाते चार-पाच वेळा उघडमिट करावे आणि बाहेर आलेले काळसर तेल कापडाने टिपून घ्यावे.